आधी घट्ट होऊ दे, मग बघू

गरोदरपणाची बातमी घरात कळली आणि कपड्यांचे सल्ले सुरू झाले. जवळजवळ सगळे 'घेऊन ठेव' या दोन शब्दांवर संपणारे. सैल कुर्ते घेऊन ठेव, मॅटर्निटी पँट घेऊन ठेव, झबली घेऊन ठेव. मला घेण्याची भीती नव्हती, ठेवण्याची होती. आमच्या कपाटात लेबलंसुद्धा न काढलेले कपडे कधीपासून पडून होते, त्यामुळे ठेवलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, की अंगावरचा एखादा कपडा खरोखर घट्ट होईपर्यंत त्याच्या जागी दुसरा आणायचा नाही. आणि बाळ जो कपडा येत्या महिना-दीड महिन्यात घालणार नाही, त्याला पैसे मोजायचे नाहीत. फुकट आला तर बघू.

"ऐन वेळी धावपळ होईल," नवरा म्हणाला.

"दुकानं काही पळून जात नाहीत," मी म्हटलं.

सगळ्यांची नजर पोटाकडे असते, पण आधी कुरकुर केली ती ब्राने. पोट दिसायला अजून वेळ होता आणि छातीचं माप मात्र पहिल्या काही आठवड्यांतच बदललं. मागच्या हुकांना जोडायची एक छोटी पट्टी मिळते, दोन-तीन जादा हुकांची. तिच्या जोरावर जुन्या ब्रा बरेच दिवस चालल्या. पुढे कप अपुरे पडायला लागले तेव्हा पट्टीचा उपयोग संपला आणि नव्या घ्याव्याच लागल्या. दुकानातल्या बाईंनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, तिने माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. गरोदरपणात घ्यायची ब्रा सगळ्यात घट्ट हुकावर बरोबर बसणारी हवी, कारण पुढचे काही महिने बरगड्यांचा घेर वाढतच जातो आणि मग एकेक हुक सैल करता येतो. शेवटच्या महिन्यात बाळाला पाजण्यासाठीची घ्याल तेव्हा हिशोब उलटा करायचा. ती सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे, म्हणजे बाळंतपणानंतर घेर उतरला की आत घ्यायला हुक शिल्लक राहतात. शिवाय बाळंतपणानंतर दोन ते पाच दिवसांत दूध भरून येतं तेव्हा कपाचं माप पुन्हा बदलतं. त्यामुळे आधीपासून अर्धा डझन घेण्यात काही अर्थ नाही. धू-वापर करण्यापुरत्या दोन घेतल्या, बाकीच्या माप स्थिरावल्यावर.

पँटचं बटण लागेना झालं तेव्हा सगळ्या जगाला माहीत असलेली युक्ती केली. केसांचा रबर बँड काजातून ओवायचा, त्याच्याच फासात अडकवायचा आणि दुसरं टोक बटणावर. वरून लांब टॉप. चेन थोडी उघडी राहते, पण ती कुणाला दिसते? पाचव्या महिन्याच्या आसपास मात्र चेन खाली सरकत सरकत इतकी यायला लागली, की चालताना सारखा हात तिकडे. तेव्हा एक पँट विकत घेतली.

ती घेताना मी बराच वेळ लावला, आणि तो लावावा असंच मी सांगेन. मॅटर्निटी पँटमध्ये मुख्यतः दोन प्रकार असतात. एकीची ताणणारी पट्टी पोटाच्या खाली बसते, दुसरीची रुंद पट्टी पोटावरून थेट वरपर्यंत येते. खालची सुरुवातीला हलकी वाटते, पण पोट मोठं झालं की सरकते. मी वरची घेतली. साइज बहुतेक ठिकाणी गरोदरपणाच्या आधीचाच धरलेला असतो. पोटाची जागा कापडात आधीच सोडलेली असते, त्यामुळे दोन साइज मोठी घेतली तर मांड्यांत नुसता झोळ होतो. आणि ट्रायल रूममध्ये उभं राहून सगळंच छान बसतं. मी आत खुर्ची मागून घेतली, तिच्यावर बसले, चपलेचा पट्टा लावायला वाकले. दोन पँट तिथेच बाद झाल्या. जी उरली ती इतकी वापरली, की किमतीला दिवसांनी भागलं तर ती माझ्या कपाटातली सगळ्यात स्वस्त पँट निघेल.

कुर्त्यांच्या बाबतीत मला शिंप्याने वाचवलं. कपाटातले सगळे कुर्ते त्याच्या टेबलावर नेऊन टाकले. त्याने एकही कुर्ता अंगाला लावून बघितला नाही. प्रत्येक कुर्ता उलटा केला आणि बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याने स्वतः शिवलेल्या कुर्त्यांत दोन्ही बाजूंना इंचभर दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, होता. रेडिमेड कुर्त्यांत शिवणीला लागूनच इंटरलॉक मारलेलं, आत कापड म्हणून नाहीच. "ताई, हे चार वाढतील. बाकीचे तसेच परत न्या, उगाच पैसे नका घालवू," असं म्हणून त्याने दोन ढीग केले. त्या चारांचे दाब उसवून त्याने घेर वाढवला, बाजूचे कट जरा वरपर्यंत नेले आणि मला पुढचे कितीतरी महिने निभावता आले. तेव्हापासून रेडिमेड काहीही घेताना मी आधी ते उलटं करून बघते.

एक गोष्ट मात्र शिंपीही करू शकत नाही. पोट वाढलं की कपड्याचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि तो मागच्यापेक्षा आखूड दिसायला लागतो. मॅटर्निटीचा टॉप म्हणून जो विकतात त्यात खरा फरक असतो तो इथे. पुढची लांबी जास्त असते किंवा बाजूच्या शिवणीत चुण्या असतात. नुसताच मोठ्या साइजचा टॉप घेतला तर खांदे आणि मुंढे लोंबतात, पुढून आखूड तो आखूडच. म्हणून मी नवीन घेतले ते मोजकेच टॉप खऱ्या मॅटर्निटीचे घेतले, आणि सगळे पुढून उघडणारे. बाळाला पाजायला पुढे तेच लागणार होते. जे फक्त पोटासाठी आहे आणि पाजायला उपयोगाचं नाही, ते कितीही गोड दिसलं तरी परत हँगरवर.

बाळंतपणानंतर आपण लगेच जुन्या कपड्यांत शिरू अशी एक समजूत असते. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात आणि दवाखान्यातून घरी जाताना पोट पाचव्या-सहाव्या महिन्यासारखं दिसू शकतं. त्यामुळे घरी यायच्या दिवशीचे कपडे म्हणून वेगळं काही घेतलं नाही, तीच पँट बॅगेत भरली. विकत घेतल्या त्या उंच कंबरेच्या, गडद रंगाच्या, साध्या सुती चड्ड्या, एक साइज मोठ्या. रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालू शकतो, तेव्हा हलक्या रंगाची हौस कशाला? आणि सिझेरियन झालंच तर खाली बसणारं इलास्टिक नेमकं टाक्यांवर घासतं. पायांना सूज होती तेव्हा पट्टा मागेपुढे करता येणाऱ्या चपलांवर भागवलं. काही जणींची पावलं बाळंतपणानंतरही थोडी मोठीच राहतात, म्हणून महागडे बूट त्या काळात घेऊ नयेत.

आता बाळाचं. इथे खर्च कमी आणि मोह जास्त. एवढ्याशा बाह्या, एवढेसे खिसे. ज्याला अजून हात तोंडापर्यंत नेता येत नाही त्याला खिसे कशाला, हा प्रश्न दुकानात कुणाला पडत नाही.

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी तिच्या दोन्ही मुलांचे कपडे जपून ठेवले होते. "सगळं घेऊन जा गं. नको असेल ते टाकून दे, मला विचारू नकोस," म्हणाली. लहान बाळांचे जुने कपडे घेण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. ते झिजायच्या आधीच आखूड होतात. पण 'मिळालं ते घातलं' असंही करून चालत नाही. बॅग उघडली तसा डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला.

यावर मी जरा थांबून लिहिते, कारण ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. त्या गोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि ते आपल्याला दिसून कळत नाही. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा पांघरुणं लावली तर नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाऊन तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ वाढते, आणि ती मेंदूपर्यंत पोचण्याइतकी गंभीर होऊ शकते. तशा घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनीही नवजात बाळाच्या जवळ ते कपडे नकोत असंच सांगितलं. वास भिनलेलं सगळं मी बाजूला काढलं, त्यात एक हाताने विणलेला सुंदर स्वेटरही होता. जाऊबाईला कारण सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "माझ्या दोघांना मी तेच घातलं होतं की गं." तिच्या मुलांना काही झालं नव्हतं, पण तिने त्याच संध्याकाळी घरातल्या गोळ्या काढून टाकल्या.

तळाच्या एका वेगळ्या पिशवीत, बंद डब्यात ठेवलेले कपडे वासाशिवायचे निघाले. ते पलंगावर पसरले आणि एकेक हातात घेऊन तपासला. कंबरेचं इलास्टिक कानाजवळ धरून ताणायचं. करकर आवाज आला आणि ते परत आवळलं नाही, तर संपलं. टिचबटणं लावून ओढायची. सैल बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकतं, म्हणून हलणारं प्रत्येक बटण कापून नवीन घट्ट शिवलं. टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या ओढूनच काढल्या, त्या गळ्याभोवती आवळू शकतात. मोजे उलटे करून बघितले. आतले सुटे धागे बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात, बोट सुजतं आणि मोजा घातलेला असल्याने बराच वेळ कळतच नाही. एका मोज्यातून तर इतके धागे निघाले, की त्याची जोडीच रद्द केली.

मग साइजचा घोळ. दोन झबली, दोन्हींवर '० ते ३ महिने', आणि एकमेकांवर ठेवली तर एक चार बोटं लांब. महिन्यांचं लेबल म्हणजे त्या कंपनीचा अंदाज, दुसरं काही नाही. त्यापेक्षा सेंटिमीटरचे आकडे जास्त खरे. ५०, ५६, ६२, ६८, ७४ असे आकडे काही कपड्यांवर असतात, ते बाळाच्या लांबीचे. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर असतं आणि वर्षभरात सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं. वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होतं. एवढ्या वेगात अगदी पहिला साइज काही आठवड्यांचाच पाहुणा, आणि बाळ चार किलोंच्या पुढचं जन्मलं तर तो साइज कधी लागतच नाही. मी टेप घेऊन प्रत्येक कपडा गळ्यापासून खालच्या शिवणीपर्यंत मोजला, लेबलं विसरून मापाप्रमाणे ढीग केले आणि ढिगांना दोरी बांधली. नवरा हे बघून हसला खरा, पण पुढे अर्ध्या रात्री त्यालाच कपडे शोधावे लागायचे तेव्हा त्या दोऱ्या त्याच्याच कामी आल्या.

किती कपडे लागतात, याला सगळ्यांना लागू होईल असं उत्तर मला कुणी दिलं नाही, कारण ते बाळावर कमी आणि धुण्यावर जास्त अवलंबून असतं. दिवसाला किती जोड खराब होतील आणि धुतलेलं वाळून हातात यायला किती दिवस लागतील, याचा गुणाकार करायचा आणि वर दोन-चार धरायचे. दिवसाला चार-पाच आणि वाळायला दोन दिवस, तर दहा-बारा झाले. ज्यांच्याकडे रोज धुऊन रोज वाळतं त्यांना त्याच्या निम्मे पुरतात. लंगोटांचं गणित वेगळं. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला आठ-दहा वेळा बदलावे लागतात, कधी बाराही. तिथे हात आखडता घेतला तर धुणारा माणूस रडकुंडीला येतो.

पहिल्या दिवसांत सगळ्यात कामाला आलं ते पुढून बांधायचं साधं सुती झबलं. नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत, म्हणजे एक ते तीन आठवडे, डोक्यावरून घालायचं किंवा पोटावर घट्ट बसणारं काही नको असतं. त्यानंतर एकसंध बॉडीसूट आले, आणि त्यांच्या खांद्यांवर एकावर एक येणारी जी पट्टी असते तिचं कोडं मला दवाखान्यातल्या सिस्टरनी सोडवून दिलं होतं. शी पाठीपर्यंत वर आली की तो कपडा डोक्यावरून काढायचा नाही. त्या पट्ट्या ताणून गळा रुंद होतो आणि सगळा कपडा खांद्यांवरून खाली, पायांतून निघतो. हे माहीत नसलेल्या माणसाने तोच कपडा रात्री दोन वाजता डोक्यावरून काढून बघावा! मी तेव्हापासून तशा गळ्याचेच घेतले. टिचबटणांची रांग असलेले झोपायचे कपडे अंधारात चुकीचे लागतात, शेवटी एक बटण उरतंच. खालूनही उघडणारी चेन असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार होते.

डाग पडतातच. दूध आणि शी दोन्हींवर आधी गार पाणी, गरम पाण्याने दुधातलं प्रथिन कापडात बसतं. एन्झाइम असलेल्या पावडरीत भिजत घालायचे, आणि पिवळा डाग उरला तर ओले असतानाच उन्हात पसरायचे. ऊन जे काम करतं ते कुठल्याही महागड्या लिक्विडने केलं नाही. कापड मऊ करणारं लिक्विड लंगोटांना लावलं नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. नवीन कपडेही एकदा धुऊनच घातले. सुती कापड आटतं, म्हणून अगदी मापाला मापाचं घेतलं नाही.

काय घेतलं नाही हेही सांगते. चालायला लागेपर्यंत बूट नाहीत. घरात झोपताना टोपी नाही, बाळ त्यात तापतं आणि टोपी तोंडावर सरकू शकते. झालरींचे फ्रॉक आणि छोटे कोट फोटोपुरते असतात, ते भेटीदाखल येणारच होते. आणि आलेही, ढिगाने, सगळे पहिल्या साइजचे. जवळच्या माणसांना मी आधीच स्पष्ट सांगून टाकलं होतं, "द्यायचंच असेल तर सहा महिन्यांच्या पुढचं दे, आणि त्या वेळी हवा कशी असेल ते बघून दे." काहींना ते कोरडं वाटलं असेल. पण बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा ऐन उन्हाळा असेल तर त्या मापाचा जाड स्वेटर गोड असून करायचं काय? आलेल्यातले लगेच लागणार नाहीत ते मी धुतले नाहीत, लेबलं काढली नाहीत. बरेचसे दुकानात बदलून मोठ्या मापाचे घेता आले.

वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे विकायला असतात, तेही बघितले. गठ्ठा स्वस्त वाटतो कारण आपण किमतीला एकूण नगांनी भागतो. मी आधी मला खरोखर हवे असलेले नग बाजूला काढायचे आणि त्यांनीच भागायचे. अर्ध्याहून अधिक गठ्ठे तिथेच महाग ठरले. फोटो मागवायची वेळ आली तर गळ्याचे आणि गुडघ्यांचे मागवायचे, समोरच्या चित्राचे नाही. कपडा किती वापरलाय ते तिथे दिसतं.

एकेक माप मागे पडत गेलं तसं मी ते पुढे देत गेले. ठेवणीत टाकायच्या आधी, स्वच्छ दिसत असले तरी, सगळे पुन्हा एन्झाइमच्या पावडरीत धुतले. दुधाचे न दिसणारे डाग बंद पिशवीत काही महिन्यांनी पिवळे होऊन वर येतात. कडकडीत वाळवून सुती पिशव्यांत भरले, गोळ्या नाहीत, आणि पिशवीवर महिने न लिहिता सेंटिमीटर लिहिले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ५६ आणि ६२ च्या पिशव्या नेल्या, उरलेल्या तिच्या वाढत्या बाळाच्या मागोमाग जातील. इलास्टिक गेलेलं, गळा फाकलेलं असं काही कुणाला दिलं नाही. त्यांची फडकी केली. चष्मा पुसायला शंभरदा धुतलेल्या झबल्याइतकं चांगलं कापड मला अजून मिळालेलं नाही.